पोराची गोष्ट बापाला सर्वांच्या शेवटीं कां कळावी?

गांवांत एखाद्याच्या गोठ्यांत लाळ-खुरकताची सांथ शिरली, तर शहाणा शेतकरी काय करतो? तो शेजाऱ्याला हांक मारून सांगतो, "बाबा, माझ्या बैलाच्या तोंडाला लाळ सुटली आहे. तुझीं जनावरें आज माझ्या हौदावर आणूं नकोस." हें सांगण्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. उलट जो झांकून ठेवतो त्यालाच सारें गांव बोल लावतें. मग जी रीत आम्ही बैलाच्या बाबतींत पाळतों, ती पोटच्या पोराच्या बाबतींत कां पाळूं नये? हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला नव्हे, तर प्रथम माझ्या शिक्षक-बंधूंना व स्वतःला विचारीत आहें.

मी खेड्यांतील शाळामास्तर. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडल्यापासून वीस वर्षें हातांत खडू आहे. चार वर्षांमागें सातवींतील एका मुलाच्या दप्तरांत मला पंक्चर काढण्याच्या सोल्युशनच्या दोन ट्यूबा आणि एक चिकट बोळा सांपडला. पोर सुताराचें, हाताचें मोठें चलाख. त्याला हुंगण्याचा नाद लागला होता, आणि तो एकटा नव्हता. मीं हेडमास्तरांच्या कानांवर घातलें. ते वाईट गृहस्थ नव्हेत. परंतु ते म्हणाले, "गुरुजी, दप्तरांतली गोष्ट दप्तरांतच राहूं द्या. गांवांत बोभाटा झाला तर पट घसरेल, आणि पट घसरला तर उद्यां अतिरिक्त कोण ठरणार? तुम्ही कीं मी?" मी गप्प बसलों. ट्यूबा उकिरड्यावर फेंकल्या, पोराला चार शब्द सुनावले आणि कर्तव्य झालें असें समजलों.

पांच महिन्यांनीं त्या पोराला दुकानाचा गल्ला फोडतांना लोकांनीं धरलें. त्याचा बाप मजकडे आला. तो रागावला नाहीं, ओरडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, तुमास्नी आधीं ठावं हुतं म्हनं. मग मला पोलीस पाटलाकडनं कळायचं हुतं व्हय?" मजजवळ उत्तर नव्हतें. आजही नाहीं. म्हणून हा लेख.

शाळा लपवितात कां, तें आधीं पाहूं. पहिलें कारण पोटाचें. गांवाच्या वेशीवर सकाळीं इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊन उभी राहते. आमच्या शाळेचें नांव खराब झालें कीं चार पोरें त्या गाडींत बसतात, पट उतरतो, आणि पटावर शिक्षकांची संख्या ठरते. दुसरें कारण भीतीचें. शाळेसमोरची टपरी कोणा सामान्य माणसाची नसते. ती कोणा पुढाऱ्याच्या मेहुण्याची, नाहीं तर मेंबराच्या पुतण्याची असते. तिच्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्या मास्तराची बदली कोठें होईल तें सांगवत नाहीं. तिसरें कारण मात्र सर्वांत वाईट. "या अडाणी आईबापांना सांगून काय उपयोग? त्यांना काय कळतें?" असें आम्ही शिक्षक आपसांत म्हणतों. बंधूंनो, मी शेतकऱ्याचा मुलगा. चार बुकें शिकून जी पहिली गोष्ट मीं शिकलों ती माझ्याच बापाला अडाणी म्हणण्याची! ज्यांच्या करावर शाळा चालते, त्यांनाच शाळेंत काय चाललें आहे तें सांगावयाचें नाहीं, ही रीत जुनी आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं रयतेच्या पैशाचा व रयतेच्या शिक्षणाचा हिशेब मागितला होता. त्या हिशेबाचें एक पान अजून कोरेंच आहे.

कोणी म्हणेल, मास्तर राईचा पर्वत करीत आहेत. खेड्यांत कसली नशा? तर ऐका. भारत सरकारनें दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करविली; तिचा अहवाल २०१९ सालीं निघाला. दारू, गांजा, अफू यांत मोठीं माणसें पुढें. परंतु सोल्युशन, थिनर, व्हाइटनर हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली कीं जिच्यांत मुलें मोठ्यांच्या पुढें आहेत. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत तिचें प्रमाण शेंकडा १.१७, तर मोठ्यांत ०.५८. कारण उघड आहे. ही वस्तु सायकलच्या दुकानांत मिळते, स्टेशनरीच्या दुकानांत मिळते, थोड्या पैशांत मिळते, आणि मागणाऱ्या पोराला कोणी जाब विचारीत नाहीं.

आतां कायदा पाहा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये, अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कोठेंच विकूं नये, हा कायदा २००३ चा. महाराष्ट्रांत गुटख्याला जुलै २०१२ मध्यें बंदी झाली. मुलाच्या हातीं दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड, हा बालन्याय कायदा २०१५ चा. मुलाकडून असा माल वाहून नेणाऱ्यास वा विकविणाऱ्यासही तीच शिक्षा. कागदावर कशाचीही उणीव नाहीं. उणीव आहे ती एवढीच, कीं कोणत्या शाळेच्या आवारांत काय सांपडलें, किती वेळां सांपडलें, हें आईबापांना कळत नाहीं. आणि ज्याला कळत नाहीं तो टपरीवाल्याच्या दारांत जाऊन उभा कसा राहणार?

ही खोड आमच्याच मुलखाची आहे असें नाहीं. अमेरिकेंत शाळांचे स्वतंत्र जिल्हे असतात, त्यांचीं मंडळें बहुतेक ठिकाणीं लोक निवडून देतात, घरावरच्या करांतून त्यांचा पुष्कळसा खर्च भागतो. म्हणजे तेथें आईबाप मालक आणि शाळा चाकर असें असावयास पाहिजे. तरी काय घडलें पाहा. २०२३ सालीं व्हर्जिनिया राज्यांतील लाउडन काउंटींत एकाच हायस्कुलांतील विद्यार्थी, एकामागून एक, अफूच्या जातीच्या घातक गोळ्यांनीं बेशुद्ध पडूं लागले. या गोळ्यांत फेंटानिल नांवाचें विष असतें. त्याचा कण दोन कणही माणसाला मारावयास पुरे. कांहीं पोरें शाळेच्या आवारांतच कोसळलीं. इतर मुलांच्या आईबापांना ही गोष्ट वेळेवर सांगितली गेली नाहीं, म्हणून मोठी ओरड झाली. तेव्हां गव्हर्नर यंगकिन यांनीं नोव्हेंबर २०२३ मध्यें हुकूम काढला, कीं शाळेशीं संबंध असलेला असा प्रकार घडला तर चोवीस तासांच्या आंत सर्व पालकांस कळलें पाहिजे.

तेथील कॉलेजांचा धडा याहून जुना आहे. १९८६ सालीं पेनसिल्व्हानियांतील एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत जीन क्लेरी या मुलीचा खून झाला. आवारांत आधीं किती गुन्हे झाले होते तें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं, असें तिच्या आईबापांचें म्हणणें होतें. तीं दोघें रडत बसलीं नाहींत, झगडलीं. १९९० सालीं कायदा झाला, आणि तेव्हांपासून तेथील कॉलेजांना आवारांतील गुन्ह्यांचा हिशेब दरसाल छापावा लागतो. त्यांत अंमली पदार्थांचेही आंकडे येतात. लहान मुलांच्या शाळांना मात्र सबंध देशांत असा एक कायदा नाहीं. तेथल्या शाळा पुष्कळदां १९७४ च्या कायद्याकडे बोट दाखवितात, कीं विद्यार्थ्याचे कागद आम्हांला गुप्त ठेवावे लागतात.

हें बोट नीट पाहण्यासारखें आहे, कारण आमच्याकडेही तेंच दाखविण्यांत येईल. पोराचें नांव गुप्त ठेवणें ही एक गोष्ट, आणि घडलेला प्रकार गुप्त ठेवणें ही दुसरी. आमच्या बालन्याय कायद्यांतही अशा प्रकरणांतील मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि ती योग्य आहे. चौदा वर्षांच्या पोरावर "गंजडी" असा शिक्का एकदां बसला कीं तो लग्नापर्यंत पुसत नाहीं. परंतु "या सहामाहींत शाळेंत तीन वेळां सोल्युशन सांपडलें, दोन वेळां गुटखा सांपडला, संबंधित आईबापांना त्याच दिवशीं सांगितलें, दुकानदाराविषयीं पोलिसांना कळविलें" एवढें सांगण्यानें कोणत्या पोराची अब्रू जाते? कोणाचीच नाहीं. गेलीच तर न सांगणाऱ्याची जाते.

लपविण्याचा शेवट कोठें होतो तें आम्हीं ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापुरास पाहिलें. शाळेंतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचें प्रकरण बाहेर आलें. शाळेनें तें पोलिसांना कळविलें नाहीं, आणि तक्रार नोंदविण्यासही विलंब झाला. २० ऑगस्टला चिडलेले लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आगगाड्या कित्येक तास बंद पडल्या. मुंबईच्या हायकोर्टानें आपण होऊन प्रकरण हातीं घेतलें, आणि शाळेच्या चालकांवर न कळविल्याचा निराळा गुन्हा नोंदला गेला. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें असा गुन्हा ठाऊक असून न कळविणें हाही गुन्हाच आहे. नांव राखावें म्हणून मौन धरलें, आणि मौनानेंच नांव बुडालें! कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं.

आतां शिक्षक-बंधूंचा एक आक्षेप आहे, आणि तो खोटा नाहीं. ते म्हणतात, "बापाला सांगितलें तर तो पोराला गुरासारखा बडवील. पोर शाळा सोडील, घर सोडील." मीं हें डोळ्यांनीं पाहिलें आहे. अमेरिकेंतही एका काळीं लहानसहान चुकीला शाळेंतून हांकलून देण्याची टूम निघाली होती. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें २००८ सालीं तपासून सांगितलें, कीं त्यानें शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा नाहीं. परंतु यावरून निघतें काय? सांगूं नये असें नव्हे. कसें सांगावें हें शिकलें पाहिजे, असें निघतें. चावडीवर सांगूं नये, पोराच्या देखत सांगूं नये. संध्याकाळीं घरीं जावें, आईलाही बसवून घ्यावें, आणि प्रथम हें सांगावें कीं तुमचा पोरगा गुन्हेगार नाहीं, तो आजारी पडूं लागला आहे. गुन्हेगार तो, ज्यानें त्याला माल दिला.

आणि आईबापहो, दोन शब्द तुम्हांलाही. रागावूं नका. "जा रे, तंबाखूची पुडी घेऊन ये," म्हणून सहा वर्षांच्या पोराला टपरीवर कोण धाडतो? चुलीपुढें मशेरी भाजतांना पोरीला जवळ कोण बसवितें? २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील शंभर प्रौढांत सव्वीस-सत्तावीस जण तंबाखूचें कोणत्या ना कोणत्या रूपानें सेवन करणारे निघाले. टपरीची वाट पोराला पुष्कळदां घरानेंच दाखविलेली असते.

दुसरें असें. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यांत चारांतले तीन सभासद पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. हें केवढें हत्यार तुमच्या हातीं दिलें आहे! आणि त्याचें होतें काय? सभा भरत नाहीं. प्रोसिडिंगचें बुक घरोघर फिरतें, आणि तुम्ही भाकरीचा हात पुसून त्यावर सही करतां. काय लिहिलें आहे, हें विचारीत नाहीं. रोज बुडवून भरदुपारीं सभेला येणें तुम्हांला परवडत नाहीं, हें मला कळतें. तर मग सभा बाजाराच्या दिवशीं संध्याकाळीं भरवा म्हणून हट्ट धरा. सभा झाल्यावांचून सही देऊं नका.

त्या सभेंत तीन गोष्टी मागा. पहिली: आपल्या मुलाविषयींची गोष्ट त्याच दिवशीं, खाजगीरीत्या, शाळेकडूनच कळावी. दुसरी: दर सहामाहीस नांवें न घेतां सबंध हिशेब, काय सांपडलें, किती वेळां, शाळेनें काय केलें, मोठ्यानें वाचून दाखवावा. तिसरी: शाळेजवळच्या विक्रीची तक्रार समितीच्या ठरावानें जावी, म्हणजे एकट्या मास्तरावर कोणाला दांत धरतां येणार नाहीं. चार मास्तरांची बदली करतां येते, साऱ्या गांवाची करतां येत नाहीं. पोर संकटांत असेल तर १०९८ हा फोन आहे, नशा सोडविण्यासाठीं १४४४६ आहे. दोन्हींस पैसे पडत नाहींत. हे आंकडे शाळेच्या भिंतीवर लिहावयास सांगा.

त्या सुताराच्या घरीं मी पुढें गेलों. झाली चूक कबूल केली. तो बराच वेळ रंधा फिरवीत राहिला, मग म्हणाला, "गुरुजी, त्याच दिशी आला असता तर लई बरं झालं असतं." पोरगा आतां बापाच्या हाताखालीं काम शिकतो. शाळा मात्र कायमची सुटली. तीं पांच महिन्यांची गप्प मजकडे जमा आहे, आणि ती फिटण्यासारखी नाहीं. माझ्या शिक्षक-बंधूंनीं असें कर्ज डोक्यावर घेऊं नये, एवढ्यासाठीं हें उघडपणें लिहिलें आहे.