आधी बंद कसं होतं ते सांग

२०२४ च्या एप्रिलमधल्या त्या रविवारी आमच्याकडे निगडीला जे जेवायला आले होते, त्यांना आमरस आठवत असेल की नाही माहीत नाही, पण हात धुवायला तांब्याने पाणी घातलं होतं हे नक्की आठवत असेल. "टाकीचा व्हॉल्व्ह खराब झालाय" असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. ते धादांत खोटं होतं. व्हॉल्व्ह ठणठणीत होता. गंडलं होतं ते माझं डोकं. नातेवाईक मंडळींना एकदा खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून हे लिहितोय. आणि त्या निमित्ताने एक मतही मांडायचंय, जे मला त्या दिवसापासून छळतंय.

झालं होतं असं की जानेवारीत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमची बाग म्हणजे काही फार मोठी नाही, प्राधिकरणातल्या जुन्या बंगल्यांना असते तेवढीच. एक आंबा, कढीपत्ता, जास्वंद, अनंत, दोन मोगरे, आणि आईच्या कुंड्या. पण तीस वर्षं रोज सकाळी बाबा पाइप ओढत तिला पाणी घालत आले होते. आता पायऱ्या ओल्या, पाइप जड, आणि गुडघा नवा. मी म्हटलं, बाबा, तुम्ही काळजी करू नका, मी यंत्र बनवतो. बाबा म्हणाले, "बनव." एवढंच. त्या 'बनव'मधला सूर तेव्हा मला कळला नाही.

तपकीर गल्लीत एक शनिवार घालवून सगळं सामान आणलं. नोडएमसीयू नावाचा वाय-फायवाला छोटा बोर्ड, चार रिले असलेली पट्टी, बारा व्होल्टचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मातीत खुपसायचे ओलावा मोजणारे काटे. मावशी, तुझ्यासाठी सोपं करून सांगतो. सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे विजेवर उघडणारा नळ. वीज दिली की उघडतो, वीज गेली की आतल्या स्प्रिंगने बंद होतो. रिले म्हणजे ती वीज देणारं-काढणारं बटण, जे बोटाऐवजी बोर्ड दाबतो. बस्स, यात याहून काही गूढ नाही.

पहिला दणका स्प्रिंकलरनेच दिला. व्हिडिओत बघितलेले ते हिरवळीतून डोकं वर काढून गोल फिरणारे फवारे मला हवे होते. लावले. सुरू केले. फवारा उडायच्या ऐवजी त्याच्या तोंडातून लाळ गळावी तसं पाणी गळायला लागलं. कारण साधं होतं, शाळेतलं होतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी जिन्याच्या छपरावर, म्हणजे बागेपासून सात-आठ मीटर. दाब जेमतेम पाऊण बार. त्या फवाऱ्यांना दोनच्या आसपास लागतो. अमेरिकेत घराच्या नळाला चोवीस तास तीन-चार बारने पाणी असतं, तिथे हे खेळ चालतात. आमच्याकडे पाणी टाकीतून येतं, आणि टाकीत ते महापालिकेकडून येतं, तिच्या वेळेला.

मग ठिबक केलं. ते आधीच करायला हवं होतं. ज्या महाराष्ट्रात जळगावच्या जैन इरिगेशनने गावोगाव ठिबकच्या नळ्या पोचवल्या, तिथल्या माणसाने अमेरिकन लॉनचे फवारे आणून लावावेत यासारखा करंटेपणा नाही. सोळा मिलिमीटरची नळी, तिच्यावर ताशी चार लिटरचे चाळीस ड्रिपर. आमच्या दाबाला ते साडेतीनच्या आसपास देतात. पंधरा मिनिटांत प्रत्येक झाडाला पाऊण-एक लिटर. हे मात्र झकास चाललं.

बाकीच्या भानगडी थोडक्यात सांगतो, कारण त्या ज्याने त्याने स्वतः भोगायच्या असतात. जुन्या लोखंडी पाइपातला गंजाचा कण व्हॉल्व्हच्या तोंडात अडकून तो रात्रभर ठिबकत राहिला. आधी जाळीचा फिल्टर लावल्यावर थांबला. व्हॉल्व्ह बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका मारते आणि बोर्ड गोंधळून पुन्हा सुरू होतो. दोन रुपयांचा डायोड उलटा जोडला की प्रश्न मिटतो, पण तो दोन रुपयांचा डायोड सुचायला मला चार रात्री लागल्या. ओलावा मोजणारे काटे महिन्याभरात मातीत गंजून काळे पडले आणि मग चिखलालाही 'कोरडं' म्हणायला लागले. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे, सकाळी सहाला सुरू व्हायचं यंत्र रोज भर उन्हात साडेअकराला सुरू व्हायचं. दोन दिवस मी प्रोग्राम चाळत बसलो. बोर्ड बिचारा इंटरनेटवरून जागतिक वेळ घेत होता. आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं :)

हा घड्याळाचा घोळ कायमचा मिटावा म्हणून मी अतिशहाणपणा केला. वेळापत्रक बोर्डावरून काढून इंटरनेटवरच्या एका सेवेकडे दिलं. फोनवर सुंदर पान दिसायचं, आलेख दिसायचे, ऑफिसात बसून चाकणहून बाग भिजवता यायची. शिवाय लाईट गेली-आली तर बोर्डाने आधी जिथे होता तिथून पुढे चालू व्हावं, अशी सोयही करून ठेवली. मला ती फार हुशारीची वाटली होती.

शनिवारी संध्याकाळी सातला पाणी सुरू झालं. सात दहाला लाईट गेली. व्हॉल्व्ह बंद झाला, तिथपर्यंत ठीक. सव्वासातला सेवेने 'बंद कर' असा निरोप पाठवला, पण तो घ्यायला घरात ना बोर्ड जागा होता ना वाय-फाय. सात पंचवीसला लाईट आली. बोर्ड जागा झाला, त्याला आठवलं की आपण झोपलो तेव्हा नळ उघडा होता, आणि त्याने इमानेइतबारे नळ उघडला. बंद करायचा निरोप येऊन गेलेला होता. तो पुन्हा येणार नव्हता.

चाळीस ड्रिपर, ताशी साधारण एकशे चाळीस लिटर. हजार लिटरची टाकी रात्री अडीच-तीनला संपली असावी. खालच्या टाकीतलं पाणी संध्याकाळीच वर चढवून झालं होतं. आणि रविवार हा आमचा पाण्याचा वार नव्हता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्याशी उचलतात आणि इथे निगडीत, सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात. म्हणजे शहराचं बरंचसं पाणी आमच्या दारात येऊन स्वच्छ होतं, आणि आमच्या घरात पाण्याचा वार कोणता हे कॅलेंडरवर बघावं लागतं. मी तक्रार करत नाहीये, शहर वाढलं, नदी तेवढीच राहिली. पण या घरात टाकी म्हणजे काय हे आईला विचारा. ती भांडी कुठल्या दिवशी घासायला काढायची आणि चादरी कुठल्या दिवशी भिजवायच्या, हे त्या टाकीवरून ठरवते.

रविवारी पहाटे तिने नळ उघडला आणि नळाने फुस्स केलं. दुपारी बारा माणसं जेवायला. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून पाइप टाकून दोन पिंपं भरून दिली म्हणून निभावलं. आई मला काहीच बोलली नाही. फक्त संध्याकाळी म्हणाली, "उद्यापासून मी बादलीने घालते." बाग मात्र टवटवीत दिसत होती, हा त्यातला खास अपमान.

बाबा दोन दिवसांनी काठी टेकत माझ्या टेबलाशी आले. त्यांची सगळी नोकरी इथल्याच एका कारखान्यात, मेंटेनन्सला गेली. म्हणाले, "चालू कसं होतं ते तू मला महिनाभर दाखवतोयस. आधी बंद कसं होतं ते सांग."

मी सांगायला लागलो. सेवा, निरोप, वाय-फाय... त्यांनी मधेच थांबवलं. "म्हणजे बंद होण्यासाठी चार जण शुद्धीवर असायला हवेत?"

मग त्यांनी पॉवर प्रेसचं सांगितलं. मी हे लहानपणी शंभरदा ऐकलं असेल, पण कधी नीट ऐकलं नव्हतं. प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही हात लांब ठेवल्याशिवाय दाबताच येणार नाहीत अशी. एक जरी हात सुटला तरी रॅम खाली येता कामा नये. वायर तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे, लाईट गेली तरी थांबलं पाहिजे, आणि लाईट परत आली तर आपणहून सुरू होता कामा नये. माणसाने येऊन, बघून, पुन्हा बटण दाबलं तरच. "तुझं यंत्र लाईट आल्यावर आपणहून सुरू झालं ना? आमच्याकडे असं करणाऱ्याला साहेबांनी गेटबाहेर काढला असता."

तर हे माझं मत. घरी यंत्रं बनवणारे आपण हौशी लोक, आणि दुकानात तयार विकणारेही, 'स्मार्ट' हा शब्द फक्त चालू करण्याच्या बाजूने मोजतो. फोनवरून चालू, आवाजाने चालू, हवामान बघून चालू. ज्या घरात नळाला कायम पाणी आहे तिथे नळ उघडा राहिला तर बिल वाढतं, एवढंच. आमच्याकडे घराचं पाणी संपतं. तिकडचा आराखडा जसाच्या तसा उचलला की त्यातलं गृहीतकही न विचारता घरात येतं, आणि ते गृहीतक असं असतं की पाणी आहेच, प्रश्न फक्त माती कोरडी आहे का एवढाच. या शहरातल्या यंत्राचा पहिला प्रश्न टाकीला असायला हवा, मातीला नंतर. हे मला इंजिनिअर असून कळलं नाही, याची लाज वाटते. आईला विचारलं असतं तर तिने पोळ्या लाटता लाटता सांगितलं असतं.

कुणी म्हणेल, यात काय, प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवायच्या. मीही तेच म्हणालो. बाबा म्हणाले, "वायर मधूनच घे. तुझ्या प्रोग्रामला विचारूच नकोस." म्हणून पंपासाठी मिळतो तो केबलला लटकणारा फ्लोट स्विच टाकीत सोडला, आणि व्हॉल्व्हची बारा व्होल्टची वायर त्याच्यातून नेली. टाकी निम्म्याच्या खाली गेली की स्विच खाली लोंबतो, वायर तुटते, व्हॉल्व्ह मिटतो. बोर्ड काय म्हणतोय, वाय-फाय आहे की नाही, मी चाकणला आहे की चंद्रावर, याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, आईचा हात पोचेल अशा उंचीवर, एक लाल मशरूम बटण बसवलं. दाबलं की बंद. पुन्हा चालू करायला पिळावं लागतं. वेळापत्रक बोर्डावर परत आणलं, घड्याळाला स्वतःचा सेल दिला, आणि वीस मिनिटांवर पाणी चालूच राहणार नाही अशी मर्यादा घातली. लाईट परत आली की आता तो गप्प बसतो, पुढच्या वेळेची वाट बघतो. एखादं पाणी चुकतं. चुकू दे, एका पाण्याने आंबा मरत नाही.

आलेख गेले. चाकणहून बाग भिजवणं गेलं. पहिल्या आठवड्यात मला चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र मला अजून सोडवता आलेली नाही. बाबा रोज पाणी घालायचे तेव्हा ते न घालण्याचं कामही करत होते, हे मला यंत्र लावल्यावर कळलं. मोगऱ्याला हिवाळ्यात छाटून ते त्याचं पाणी तोडत. डाळिंबवाले बहार धरायच्या आधी बागेला ताण देतात ना, तसंच. झाड जरा कोमेजतं, पानं झाडतं, आणि मग पाणी दिलं की फुलावर येतं. यंत्राला ताण कळत नाही. ते सगळ्यांना सारखं, रोज, वेळेवर देतं. २०२४-२५ च्या हिवाळ्यात मी ठिबक तसंच चालू ठेवलं, आणि मार्चमध्ये दोन्ही मोगरे पानांनी नुसते गच्च भरले. फुलं मोजून अकरा. आई देवाला विकतचा गजरा आणायची. बाबा काही म्हणाले नाहीत, पण रोज सकाळी मोगऱ्यापाशी उभे राहून पान उलटं करून बघायचे.

आता मोगऱ्याच्या नळीवर साधी हाताने फिरवायची चावी आहे. पावसाळ्यात चार महिने बोर्ड कपाटात जातो, तेव्हा खोक्यात बघितलं तर चौथ्या रिलेला काहीच जोडलेलं नाही. तिथे बाबांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर त्यांच्या कारखान्यातल्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'मोगरा. जोडू नये.'