दानापेक्षा व्यवहार हिताचा
परदेशातील लोकचळवळींना सोलापूरचे लहान उद्योग काय देऊ शकतात?

सोलापूर : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव घेतल्याशिवाय सोलापूर आणि परदेश यांच्या नात्याची गोष्ट पूर्ण होत नाही. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानंतर देशभर वर्गणी गोळा झाली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. सोलापुरात जन्मलेले कोटणीस त्यांपैकी एक होते. ते चिनी भाषा शिकले, तेथील विद्यार्थ्यांना शिकवू लागले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२व्या वर्षी तेथेच निधन पावले.

या घटनेतील दोन बाबी आजही महत्त्वाच्या आहेत. मदत मागितली गेली होती, लादली गेली नव्हती. आणि पैसा सामान्य माणसाच्या खिशातून आला होता. परदेशातील एखादे गाव, एखादा शेतकरी गट किंवा कामगारांची संघटना स्वतःच्या बळावर काही बदल घडवू पाहत असेल, तर सोलापूरच्या यंत्रमागधारकाने, गणवेश शिवणाऱ्या कारखानदाराने किंवा बार्शीच्या डाळ गिरणीमालकाने तिला हातभार कसा लावावा? या प्रश्नाचे उत्तर १९३८च्या तुलनेत आज बरेच वेगळे आहे.

धनादेशाची वाट अरुंद

पहिला विचार देणगीचा येतो. मात्र कायद्याने ही वाट चिंचोळी ठेवली आहे. सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च कंपनी कायद्यानुसार बंधनकारक ठरतो तो ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांवर. सोलापुरातील बहुसंख्य उद्योग या कक्षेत येतच नाहीत. जे येतील त्यांनाही २०२१च्या सुधारित नियमांनुसार भारताबाहेर केलेले काम या खर्चात धरता येत नाही. राष्ट्रीय पातळीवर राज्याचे वा आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणापुरताच त्याला अपवाद आहे.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि तीत भेट व देणगीचाही समावेश होतो. परंतु ही सवलत व्यक्तीला आहे. भागीदारी संस्था, कंपनी, हिंदू अविभक्त कुटुंब वा न्यास यांना ती नाही. भारतातील धर्मादाय न्यासाने परदेशात खर्च केल्यास केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या विशेष आदेशाखेरीज त्या रकमेवर करसवलत मिळत नाही. थोडक्यात, मालक स्वतःच्या खिशातून देऊ शकतो. पेढीच्या खात्यातून देणे दुरापास्त आहे.

फुकट मालाचे दुखणे

दुसरा विचार माल पाठवण्याचा. गोदामात पडून असलेल्या चादरी, टॉवेल वा गणवेश एखाद्या गरीब देशात मोफत वाटावेत, ही कल्पना वस्त्रोद्योगाच्या शहराला स्वाभाविक वाटते. पूर्व आफ्रिकेचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. पाश्चात्त्य देशांतून येणाऱ्या जुन्या कपड्यांमुळे स्थानिक शिलाई व कापड धंदा उभा राहत नाही, अशी तेथील सरकारांची तक्रार होती. पूर्व आफ्रिकी समुदायाने २०१६ मध्ये ही आयात टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी विरोध केल्यावर इतर देश मागे हटले. रवांडा हटला नाही, तेव्हा जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांची शुल्कमुक्त सवलत स्थगित केली. एका देशातील नकोसे कपडे दुसऱ्या देशातील शिंप्याच्या पोटावर कसे येतात, हे समजण्यास सोलापूरकरांना वेगळ्या दाखल्याची गरज नसावी. आपत्तीच्या काळात कपडे, अंथरूण-पांघरूण हवेच असते. एरवी फुकटचा माल स्थानिक कारागिराचा स्पर्धक ठरतो.

तुरीचा धडा

उरतो तो व्यवहार, आणि लहान उद्योगाचे खरे बळ त्यातच आहे. याचे सर्वांत जवळचे उदाहरण कापडात नव्हे, तर तुरीत सापडते. देशाची तुरीची गरज उत्पादनापेक्षा अधिक असल्याने दरवर्षी म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून तूर येते. मोझांबिकच्या उत्तर भागातील छोटे शेतकरी ती पिकवतात. तेथे ती फारशी खाल्ली जात नाही, प्रामुख्याने भारतासाठीच पेरली जाते. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार करून डाळींची आयात एक लाख टनांवरून टप्प्याटप्प्याने दोन लाख टनांवर नेण्याचे ठरवले.

त्याच हंगामात भारतात तुरीचे विक्रमी पीक आले. ५,०५० रुपये हमीभाव असतानाही महाराष्ट्रातील शेतकऱ्याला बाजारात त्याहून कमी दर मिळाला आणि खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तूर आयातीवर दोन लाख टनांची वार्षिक मर्यादा घातली. सरकारी करारातील आयात तीतून वगळली होती, तरीही मोझांबिकमधील दर कोसळले. बार्शीचा शेतकरी आणि नांपुलाचा शेतकरी एकाच पिकात, एकाच वर्षी बुडाला. दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक नव्हते.

पुढे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली आणि मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा करार झाला. आयात होणारच आहे. प्रश्न ती कोणाकडून होते हा आहे. गावोगाव फिरणाऱ्या दलालाकडून मिळेल त्या भावाने उचललेली तूर आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या गटाकडून, आधी ठरलेल्या भावाने घेतलेली तूर यांत त्या गावाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. मलावीत नॅसफॅम ही लहान शेतकऱ्यांची सदस्य-संघटना १९९७ पासून गावपातळीवरील गटांमार्फत काम करीत आहे. अशा गटांना दानशूर माणसापेक्षा शब्दाचा पक्का ग्राहक अधिक उपयोगी पडतो.

एकट्या डाळ गिरणीला थेट आयात परवडत नाही, ती मुंबईच्या आयातदाराकडून माल घेते, हे खरे. परंतु वीस-पंचवीस टनांचा एक कंटेनर चार-पाच गिरण्या मिळून उचलू शकतात. आयातीपोटी आगाऊ रक्कम बँकेमार्फत रीतसर पाठवता येते. देणगीला अडणारा कायदा व्यापाराला अडत नाही. पेरणीपूर्वी किमान दर कळवणे, दर्जाची अट सोप्या भाषेत लिहून देणे, वाळवणी-चाळणीचे तंत्र शिकवणे आणि माल पोहोचताच पैसे चुकते करणे, ही त्यातील खरी मदत ठरेल. आफ्रिकेची तूर साधारणतः पावसाळ्याच्या अखेरीस येते, इथली डिसेंबरनंतर. त्यामुळे खरेदीचे वेळापत्रक सांभाळले तर स्थानिक शेतकऱ्यावर अन्याय होण्याचे कारण नाही.

जोखीमही आहे. सरकारी धोरण एका अधिसूचनेने बदलते, चलनाचा दर हलतो, माल बंदरात अडकतो. म्हणूनच पहिल्या वर्षी एकच कंटेनर आणि बुडाला तरी गिरणी चालू राहील एवढीच रक्कम, हे पथ्य पाळणे शहाणपणाचे.

पुढारपण कोणाचे?

काम लोकांच्या पुढाकाराचे आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्याचा मापदंड सोलापूरजवळच आहे. कुंभारी येथे विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर सहकारी संस्थेची दहा हजार घरे २००६ मध्ये उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत आली. तीतील १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. केंद्र व राज्य सरकारचे अनुदान त्यात होते, परंतु मागणी, सभासदत्व, स्वतःचा हिस्सा आणि वर्षानुवर्षांचे मोर्चे कामगारांचे होते. परदेशातील कोणत्याही गटाबाबत हेच विचारावे: सभासद कोण? हिशेब कोणापुढे मांडला जातो? बाहेरचा पैसा थांबला तर काम चालेल का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर व्यवहार करण्याची घाई नको.

आधी घर की बाहेर?

सोलापूरचाच उद्योग अडचणीत असताना परदेशाची चिंता कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा टॉवेल निर्यातदारांना त्याची झळ बसली. त्याआधी १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा बळी गेला. मृतांत मालक आणि कामगार दोन्ही होते.

मात्र याच घटना दोन्ही प्रश्नांना जोडतात. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार झाला. ग्राहकाने दूरवरच्या कामगाराची जबाबदारी मान्य केली, ती दया म्हणून नव्हे, तर खरेदीची अट म्हणून. सोलापूरच्या टॉवेलचा परदेशी खरेदीदार रास्त दर, वेळेवर पैसे आणि सुरक्षित कारखान्याचा खर्च मान्य करो, ही येथील उद्योजकाची अपेक्षा योग्यच आहे. तोच उद्योजक तूर, कापूस वा अन्य कच्चा माल घेताना स्वतः परदेशी खरेदीदार असतो. जी वागणूक आपल्याला हवी, ती आपल्या पुरवठादाराला देणे यासाठी मोठी कंपनी असावे लागत नाही. आणि ती देताना आपल्या कारखान्यातील कामगाराला वगळून चालत नाही.

कोटणीसांच्या काळी सोलापूरने एक डॉक्टर दिला. आज प्रत्येक पेढीला कोणी कोटणीस देता येणार नाही. ठरलेला भाव आणि वेळेवर दिलेले पैसे मात्र कोणत्याही पेढीला देता येतील.