आधी पुस्तक, मग वाक्य

मराठी विकिपीडियावर तुम्ही आपल्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बघता तर त्यातल्या तीन गायब, आणि उरलेल्या ओळीपुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण. असं झालं तर रागावून निघून जाऊ नका. नव्याने लिहू लागलेल्या अनेकांच्या वाट्याला हे येतं. तुम्ही खोटं लिहिलंत असं कुणी म्हटलेलं नाही. हे कुठे छापलंय, एवढंच विचारलंय.

हा प्रश्न का विचारावा लागतो, ते समजून घ्या. मराठी विश्वकोशातली नोंद वाचताना आपण निर्धास्त असतो, कारण तिच्यामागे जाणकार लेखक असतो आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा प्रमुख संपादक असतो. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियात तसं कुणी नाही. लिहिणारा प्राध्यापक आहे की दहावीतला मुलगा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे तिथे माणसाच्या शब्दावर काही चालत नाही. ‘हे शेत आमचंच, सगळ्या गावाला ठाऊक आहे’ असं कितीही सांगितलं, तरी तलाठी सातबाराच पाहतो. विकिपीडियातला सातबारा म्हणजे संदर्भ.

हा नियम मोठ्यांनाही चुकलेला नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीमागची प्रेरणा इंग्रजी विकिपीडियावर चुकीची दिली होती. ती बदलण्यासाठी त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा लेखकाचं म्हणणं मान्य असलं तरी दुसरा आधार लागेल, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं. शेवटी २०१२ साली रॉथ यांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून खुलं पत्रच लिहिलं. ते प्रसिद्ध झालं आणि त्यांचं म्हणणं लेखात आलं. हे हास्यास्पद वाटेल. पण आपण रॉथ आहोत असं सांगणारा खरोखर रॉथच आहे, हे कुणी कसं ओळखायचं? प्रसिद्ध झालेलं पत्र मात्र कुणीही उघडून वाचू शकतो.

दुसरी अडचण आपल्या उत्साहाची. अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं सांगतात. ही आख्यायिका लेखात जरूर यावी, पण आख्यायिका म्हणूनच, आणि ती नोंदवणाऱ्या पुस्तकाचा हवाला देऊन. मंदिराच्या काळासाठी तिथल्या शिलालेखाचा आधार आहे: शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, शिलाहार राजा मुम्मुणी याची कारकीर्द. मग आपणच जाऊन शिलालेखाचा फोटो काढावा, वाचावा आणि लिहावं, असं वाटतं. तसं करू नका. हाच शक सुरुवातीला ७८२ असा वाचला गेला होता. पुढच्या अभ्यासकांनी तो दुरुस्त केला, तेव्हा कुठे दोनशे वर्षांची चूक निस्तरली. नवा शोध मांडण्याची जागा संशोधन पत्रिका ही आहे. ज्ञानकोशात तपासून घेतलेला शोध नोंदवायचा असतो.

संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे, ही समजूत सोडून द्या. तालुक्याच्या वाचनालयातलं जिल्हा गॅझेटिअर चालतं. जनगणनेची जिल्हा पुस्तिका, नावाजलेल्या प्रकाशनाचा ग्रंथ, वर्तमानपत्राचा जुना अंक, हेही चालतं. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक नीट द्या. पान क्रमांक नसेल, तर पडताळणाऱ्याला सहाशे पानं चाळावी लागतील. पुस्तकातला मजकूर मात्र जसाच्या तसा उतरवू नका; माहिती घ्या, वाक्यं आपली लिहा.

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर चालत नाही. घराण्याने स्वतःच छापलेली गौरवगाथा पराक्रमाच्या दाव्यांना पुरत नाही. हयात माणसाबद्दल बिनआधाराचं वाईट तर चुकूनही लिहू नका. ते ताबडतोब काढलं जातं आणि काढलंच पाहिजे.

विकिपीडियाचाच दुसरा लेखही संदर्भ म्हणून देऊ नका. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या इंग्रजी लेखात गमतीने ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असं टोपणनाव घुसडलं. वर्तमानपत्रांनी ते तिथून उचललं आणि पुढे त्याच बातम्या त्या नावाला पुरावा म्हणून जोडल्या गेल्या. म्हणून बातमी सापडली तरी बातमीदाराने माहिती कुठून घेतली असेल, याचा विचार करा.

आजीने सांगितलेली दुष्काळाची आठवण, बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराचा अनुभव यांचं काय करायचं, असं तुम्ही विचाराल. त्या वाया जाऊ देऊ नका. नीट लिहून काढा आणि संपादक असलेल्या नियतकालिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठवा. तिथे छापून आल्या की उद्या दुसरा कुणी त्यांचा हवाला देऊ शकेल.

तुमची ओळ काढली गेली असेल, तर लेखाचा इतिहास उघडून कारण वाचा. पटलं नाही, तर तीच ओळ पुन्हा पुन्हा घालत बसू नका. चर्चा पानावर आपला आधार मांडा आणि शांतपणे विचारा. संदर्भ लिहिण्याचा सराव करायला धूळपाटी आहे. तिथे चुकलं तरी कुणाचं बिघडत नाही.

आणि पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला घेऊ नका. आपल्या तालुक्यावरचा, नदीवरचा किंवा आवडत्या लेखकावरचा असलेला लेख उघडा. ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेलं एक वाक्य निवडा आणि ते घेऊन वाचनालयात जा. आधार सापडला तर पान क्रमांकासह जोडा. पुस्तकात वेगळंच काही असेल, तर वाक्य दुरुस्त करा. काहीच सापडलं नाही, तर तसं चर्चा पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला पुन्हा तीच पुस्तकं चाळावी लागणार नाहीत.