प्रतीक्षायादी संपली असे कोण म्हणतो? गिअरबॉक्स, रिकॉल आणि १९९१ ची दंतकथा

१/ "१९९१ पूर्वी ग्राहक याचक होता, १९९१ नंतर तो राजा झाला." आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात हे वाक्य इतक्या वेळा फिरले आहे की त्याला पुरावा मागणेही आता असभ्य वाटते. सदोष गिअरबॉक्सविषयी किंवा रिकॉल जाहीर झाल्यावरही रखडलेल्या दुरुस्तीविषयी कोणी तक्रार केली, की हेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते. आजोबा स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबले, तुम्हाला एका पार्टसाठी पाच महिने थांबवत नाही? हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे.

२/ प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करू. परवानाराजात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, पैसे हातात असूनही तत्काळ मिळत नसे. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवीत असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा कुठे या कोंडीला पहिली भेग पडली. इथपर्यंत वाद नाही.

३/ वाद पुढे आहे. ती पद्मिनी एकदा दारात आली की तिच्यावर मालकाची सत्ता चाले. स्टिअरिंगखालच्या दांड्याने गिअर बदलायचे, क्लच पायाने दाबायचा, आणि बिघाड झालाच तर तालुक्याच्या गावातला मिस्त्री गिअरबॉक्स खाली उतरवून, चक्रे रॉकेलने धुऊन, झिजलेले चक्र बदलून देई. तो भाग मुंबईच्या कुर्ल्यातून नाही आला तर जुन्या बाजारातून येई. कंपनीच्या कृपेची गरज खरेदीपूर्वी होती, खरेदीनंतर फारशी नव्हती.

४/ आजच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तसे नाही. सीव्हीटी घ्या. तिच्यात दातेरी चक्रांच्या जोड्यांऐवजी दोन पुल्या आणि त्यांच्यामधून जाणारा पट्टा असतो. पुल्या त्या पट्ट्याला तेलाच्या दाबाने आवळून धरतात. दाब गेला की पकड गेली, आणि इंजिन कितीही गरजले तरी चाकाला शक्ती मिळत नाही. हा दाब राखण्यात इलेक्ट्रॉनिक पंपाचा आणि त्याच्या नियंत्रकाचाही वाटा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा व व्हर्नाच्या ७,६९८ गाड्या आणि किआने सेल्टॉसच्या ४,३५८ गाड्या परत बोलावल्या, त्या याच इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या नियंत्रकातील संभाव्य दोषासाठी. कंपन्यांनी तो स्वतःहून जाहीर केला, हे योग्यच झाले. पण पाहा: असा नियंत्रक कोणता मिस्त्री दुरुस्त करणार? त्यासाठी कंपनीचा पार्ट, कंपनीचे निदानयंत्र आणि कंपनीचेच सॉफ्टवेअर लागते.

५/ म्हणजे प्रतीक्षायादी नाहीशी झालेली नाही. पूर्वी ती शोरूमच्या दारापुढे होती, आता ती सर्व्हिस सेंटरच्या आत गेली आहे. शिवाय पूर्वी रांगेतला माणूस गाडीचे हप्ते भरत नव्हता, आताचा भरतो.

६/ आता कालानुक्रम तपासू, कारण दंतकथा मोडायला तारखांइतके चांगले हत्यार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले १९७४ मध्ये. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. मक्तेदारीविरोधी कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' हा विषय आला १९८४ मध्ये. ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ चा. हे सारे १९९१ च्या आधीचे! ज्याला तुम्ही याचक म्हणता त्याच ग्राहकाने, टंचाईच्या त्याच काळात, तक्रारीचा हक्क लढून मिळवला. खुल्या बाजाराने तो बक्षीस दिलेला नाही.

७/ आणि सदोष मोटार परत बोलावण्याची सक्ती करणारी तरतूद? ती आली २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम ११०अ ने, आणि तिचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. उदारीकरणानंतर तब्बल ३० वर्षांनी. राजाला राज्याभिषेकानंतर ३० वर्षे तलवार मिळाली नाही, असे हे राजेपण.

८/ मधल्या काळात काय चालले होते? २०१० मध्ये नॅनोच्या काही गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा कंपनीने जादा सुरक्षा साधने मोफत बसवून देऊ केली. मात्र हे रिकॉल नव्हे असेही आवर्जून सांगितले. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने रिकॉलची स्वेच्छा संहिता आणली. 'स्वेच्छा' हा शब्द ध्यानात ठेवावा. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ पासून बनलेल्या १,१४,००० टवेरा परत बोलावल्या, कारण प्रदूषण तपासणीसाठी वेगळी निवडक इंजिने पुढे केली जात होती. सरकारी चौकशी समितीने याला कंपनीची फसवणूक ठरवले. त्या घडीला देशात रिकॉलचा कायदाच नव्हता.

९/ अमेरिकेचा दाखला आपल्याकडे नेहमी उलटा दिला जातो: तिथे स्पर्धा आहे म्हणून कंपन्या जबाबदार आहेत. इतिहास वेगळे सांगतो. तिथे स्पर्धा अर्धशतकभर होतीच. तरी १९६५ मध्ये राल्फ नेडरला मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहावे लागले, आणि १९६६ मध्ये कायदा करावा लागला. त्या कायद्याने कंपनीवर दोष कळवण्याचे बंधन घातले. दोष फुकट दुरुस्त करून देण्याचे बंधन यायला १९७४ उजाडले. कळवणे आणि दुरुस्त करणे यांच्यात आठ वर्षांचे अंतर! आपल्याकडे ज्यांच्या हाती रिकॉलचे पत्र आहे पण गाडी अजून तशीच आहे, ते याच अंतरात अडकले आहेत.

१०/ गिअरबॉक्सविषयीची माझ्या मते सर्वांत बोधक घटना १९८० ची आहे. फोर्डच्या १९६६ ते १९८० या काळातील स्वयंचलित गाड्यांविषयी तक्रारींचा ढीग जमला: गाडी 'पार्क'मध्ये ठेवून चालक खाली उतरतो आणि ती आपोआप मागे सरकू लागते. माणसे दगावली. सरकारी यंत्रणेने चौकशी केली. शेवटी तडजोड झाली ती अशी की गिअरबॉक्स दुरुस्त करायचा नाही, दोन कोटींहून अधिक गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला एक इशाऱ्याचे स्टिकर पाठवायचे. दोष यंत्रात, उपदेश चालकाला.

११/ हा 'चालकालाच दोष' सिद्धान्त मोटारउद्योगाइतकाच जुना आहे, आणि तो अजून निवृत्त झालेला नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फिएस्टा, फोकस, इकोस्पोर्ट या गाड्यांतील पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स थरथरत होता. कंपनीला समस्या ठाऊक होती, तरी ग्राहकांना अनेकदा सांगितले जात होते की हा तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. दंड झाला तो तक्रारी हाताळण्याच्या या रीतीबद्दल.

१२/ आमच्या पुसेगावचे (यात्रेचे साताऱ्यातले नव्हे, हिंगोली जिल्ह्यातले) उदाहरण सांगतो. माझ्या मामांची दोन पेडलांची स्वयंचलित गाडी चढावर झटके देऊ लागली. कंपनीचे नाव घेत नाही. सर्व्हिस सेंटरातले उत्तर: "काका, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवत असाल." क्लचचे पेडलच नसलेल्या गाडीत! मामांनी शांतपणे खाली वाकून दाखवले, तेव्हा उत्तर बदलले: "मग रस्ते खराब असतील तुमच्याकडचे." चार महिन्यांनी त्या गाड्या परत बोलावल्याचे पत्र आले, आणि पत्रानंतर पुढचे पाच महिने "पार्ट वरून आलेला नाही" हे वाक्य. गाडी टोचन करून नांदेडला न्यायची, तिथून ती तशीच परत आणायची, भाडे पदरचे. शहरातला तक्रारदार निदान दुसऱ्या सर्व्हिस सेंटरात जाऊ शकतो. सेनगाव तालुक्यातला माणूस कुठे जाणार?

१३/ "मग कायदा आहे ना, वापरा." वापरू, पण तो वाचूनही पाहू. कलम ११०अ नुसार दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याची शक्यता हवी. ठरावीक प्रमाणात मालकांनी तो कळवावा, किंवा चाचणी संस्थेने अथवा अन्य स्रोताने. मग केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते, आणि कंपनीने पैसे परत करावेत, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करावी. दंड १० लाख ते १ कोटी रुपये. दुरुस्ती किती दिवसांत मिळालीच पाहिजे, याविषयी त्या कलमात शब्द नाही. वाहन सात वर्षांहून जुने असेल तर नियम त्याच्याकडे पाहत नाहीत. आणि ज्या गाड्या थोड्या विकल्या गेल्या आणि खेडोपाडी विखुरल्या, त्यांचे मालक एकमेकांना शोधून ते प्रमाण भरणार कसे?

१४/ ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले, त्याचे स्वागत झाले. पण त्यातील 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूला झालेली हानी वगळली आहे. झटके देणाऱ्या गिअरबॉक्समुळे अपघात होऊन हात मोडला तर हानी. नुसता गिअरबॉक्स मोडला तर त्या प्रकरणापुरती हानी नव्हे! उरतो तो जुना रस्ता: सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी.

१५/ त्या रस्त्यावरचे दोन निकाल माहीत असावेत. २००६ मध्ये क्लचच्या दोषाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या बाजूने म्हटले की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्यापुरती आहे, संपूर्ण गाडी बदलण्याचा आदेश टिकत नाही. फेब्रुवारी २०२१ मधला दुसरा निकाल गोव्याचा. २०११ ची म्हणून घेतलेली गाडी २००९ ची आणि आधीच ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. न्यायालय म्हणाले, उत्पादक आणि विक्रेता हे एकमेकांशी स्वतंत्र व्यापारी म्हणून व्यवहार करतात; विक्रेत्याच्या कृत्याची माहिती उत्पादकाला होती हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने यात तर्क आहे. पण शोरूमवर नाव कंपनीचे, बिलावर चिन्ह कंपनीचे, आणि गाऱ्हाणे घेऊन गेलो की काउंटरमागचा माणूस म्हणतो, "आम्ही वेगळे, कंपनी वेगळी."

१६/ दोष सिद्ध करण्याचे ओझे हाही एक विषय. तपासणीविना दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मोटारींच्या चाचणीत मोठे नाव म्हणजे पुण्याची एआरएआय. १९६६ ची ही संस्था वाहन उत्पादकांनीच सरकारच्या साथीने उभी केली. तिच्या कामावर मी शंका घेत नाही. मात्र ग्राहकांनी उभी केलेली अशी एकही मोठी प्रयोगशाळा आपल्याकडे का नाही, हा प्रश्न १९९१ च्या भक्तांनी एकदा स्वतःला विचारावा.

१७/ "तक्रारखोरांमुळे उद्योग पळून जातील" हा शेवटचा युक्तिवाद. मार्च २०१३ मध्ये चीनमधल्या सरकारी दूरचित्रवाणीने फोक्सवॅगनच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारी दाखवल्या. काही दिवसांत ३,८४,१८१ गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून तिथे रिकॉलचे नवे नियम लागू झाले होते. कंपनी चीन सोडून गेली नाही. आपल्याकडून जनरल मोटर्सने २०१७ मध्ये विक्री बंद केली आणि फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. दोघांनाही ग्राहकांच्या तक्रारींनी घालवले असा दावा त्यांनी स्वतःही केलेला नाही.

१८/ ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. प्रत्येक भेटीचे जॉबकार्ड मागून घ्या, आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" एवढेच लिहिलेले कार्ड घेऊ नका. "पार्ट नाही" हे उत्तर तोंडी नको, ईमेलवर हवे. वाहन पोर्टलवर दोष नोंदवा, कारण कलम ११०अ चे प्रमाण तिथेच मोजले जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात जायचे तर कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कंपनीच्या "पुढच्या आठवड्यात" वर ती घालवू नका. गाडी भाड्याने चालवत असाल, तरी केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून चालवत असल्यास तुम्ही ग्राहकच ठरता.

१९/ आणि एक विनंती. बजाजच्या नोंदणीच्या पावत्या, पद्मिनीची प्रतीक्षापत्रे अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकांत असतील. तुमच्या वडिलांच्या फोनमध्ये रिकॉलची पत्रे आणि रखडलेली जॉबकार्डे असतील. गाडीचा नंबर, नाव, पत्ता झाकून त्यांची छायाचित्रे या धाग्याखाली लावा. दोन्ही काळांतल्या रांगांची लांबी कागदावरून मोजू.