नकाशावरील रेघ आणि मतदाराचा आवाज

माणूस गेला तर गाव हळहळते. परंतु लोकसभेचा एखादा मतदारसंघ नाहीसा झाला, तर त्याची नोंद राजपत्रापलीकडे सहसा कोठे होत नाही. मालेगाव मतदारसंघाचे असेच झाले. २००४ साली त्याने आपला अखेरचा खासदार निवडला आणि २००८ च्या पुनर्रचनेत त्याचे नाव यादीतून पुसले गेले. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत आज टोमॅटोचे क्रेट उतरविणारा तरुण ज्या दिंडोरी मतदारसंघात मत देतो, तो त्याच पुनर्रचनेतून जन्मास आला, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

१९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा जोर असताना, मालेगावने प्रजासमाजवादी पक्षाचे यादव नारायण जाधव यांस लोकसभेत धाडले. पुढे ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. काँग्रेसचे झामरू कहांडोळे आणि समाजवादी परंपरेतील हरिभाऊ महाले या दोन नावांभोवती तिचे राजकारण दीर्घकाळ फिरत राहिले. महाले १९७७, १९८९ व १९९९ असे तीनदा निवडून आले. मध्यंतरी १९९१ व १९९८ साली कहांडोळे, १९९६ साली भाजपचे कचरू राऊत आणि शेवटी २००४ साली हरिश्चंद्र चव्हाण यांनी ही जागा जिंकली. म्हणजे १९८९ पासूनच्या सहा निवडणुकांत एकाही खासदारास लागोपाठ दुसऱ्यांदा कौल मिळाला नाही. हा मतदारसंघ कोणाचे वतन नव्हता, हेच त्याचे मोठे भूषण होय.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे नवा नकाशा आखला. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण हे विधानसभा मतदारसंघ धुळ्यास जोडले गेले. कळवण, दिंडोरी, चांदवड, निफाड, येवला व नांदगाव मिळून दिंडोरी हा राखीव मतदारसंघ झाला. आदिवासींच्या आरक्षणाविषयी आमची यत्किंचितही तक्रार नाही. ते घटनेने दिलेले न्याय्य वचन आहे. परंतु यंत्रमागांच्या मालेगावची कचेरी नाशिकला आणि लोकसभेची गाठ धुळ्याशी, ही विभागणी तेथील विणकराच्या किती सोयीची, हा प्रश्न विचारणे गैर कसे ठरावे?

रेघ आवाज विखुरते, तशी ती एकवटतेही. निफाड, चांदवड, येवला हे कांद्याचे तालुके एका मतदारसंघात आले, त्याचा अर्थ २०२४ साली साऱ्या देशास कळला. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. ती खुली झाली ४ मे २०२४ रोजी, मतदानास जेमतेम पंधरवडा उरला असता. १५ मे रोजी याच पिंपळगावी पंतप्रधानांच्या सभेत कांद्यावर बोलण्याची आरोळी श्रोत्यांतून उठली. मतमोजणीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. एका निकालाची कारणे अनेक असतात, हे आम्ही जाणतो. तरीही हेच शेतकरी तीन मतदारसंघांत वाटले गेले असते, तर त्यांचा रोष इतका स्पष्ट उमटला असता काय?

हा केवळ गतकाळाचा प्रश्न नव्हे. ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली, आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. २००२ च्या कायद्याने भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण व जनतेची सोय ही तत्त्वे घालून दिली होती. मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागविणे व जाहीर सुनावणी घेणे हेही त्याच कायद्यात होते. मात्र आयोगाला साहाय्य करणाऱ्या खासदार-आमदारांस मताचा अधिकार नव्हता, आणि अंतिम आदेश राजपत्रात आल्यावर न्यायालयाचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. सामान्य नागरिकाच्या हाती उरतो तो हरकतींचा अल्प काळ.

तो काळ झोपेत जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे. पुढील मसुदा मराठीत, गावनिहाय नकाशासह, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावला जावा. सुनावणी दूरच्या महानगरी न होता तालुक्याजवळ व्हावी. आणि बाजार समित्या, पाणीवापर संस्था व विणकरांच्या संघटना यांनी आपले म्हणणे आताच लिहून ठेवावे. बांधावरची खूण हातभर सरकली तर आमचा शेतकरी कोर्टाची पायरी चढतो. आपल्या मताची सीमा हलत असताना त्याने स्वस्थ बसू नये.