उज्जैनचे ताट

येत्या २०२८ साली क्षिप्रेच्या काठी पुन्हा सिंहस्थ भरेल. त्यासाठी घाट, पूल आणि रस्ते ह्यांच्या कामांची तेथे धांदल उडाली आहे, आणि ती स्वाभाविकही आहे. उज्जैन मराठी माणसाला परके नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ नव्याने उभारले. आडनावावरून गोमंतकीय वाचक त्यांच्याशी नाते जोडल्यावाचून राहणार नाही. महाकालाच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू सकाळी पोहे-जिलबी आणि दुपारी तुपात भिजलेले दाल-बाफले खाऊन तृप्त होतो. त्या तृप्तीच्या क्षणी एक अरसिक प्रश्न विचारण्याचे धाडस आम्ही करीत आहो. ह्या एका ताटातून कीटकनाशकांचा किती अंश पोटात गेला?

उज्जैनच्या अन्नात विष आहे, असा आरोप आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे मोजमापाविषयी आहे.

अन्नातील कीटकनाशकाची दहशत ह्या देशाने प्रथम १९५८ साली अनुभवली. केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या पिठामुळे शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर समित्या बसल्या आणि १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला. परंतु ते मरण डोळ्यांदेखत घडले होते, म्हणून कायदा हलला. थेंबाथेंबाने वर्षानुवर्षे शरीरात साचणाऱ्या द्रव्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १२ राज्यांतील दुधाचे २,२०५ नमुने तपासून १९९३ साली निष्कर्ष मांडले. शेकडा ८२ नमुन्यांत डीडीटी सापडले. शेकडा ३७ नमुन्यांत ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ह्या मर्यादेपलीकडे होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते आमच्या शेजारच्या महाराष्ट्रात. पुढे २००३ साली बाटलीबंद शीतपेयांत कीटकनाशके आढळल्याचा गवगवा झाला, तेव्हा शरद पवार ह्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४ साली तिने ते निष्कर्ष उचलून धरले. शीतपेयांना लाभलेले हे भाग्य दुधाच्या वाट्याला मात्र आले नाही!

दुधातील त्या आकड्यांचा अर्थ काय, हे थोडा हिशेब मांडल्यावाचून कळत नाही. तज्ज्ञांनी मान्य केलेल्या मापाप्रमाणे माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत डीडीटी सह्य धरले जाते. पंधरा किलो वजनाच्या मुलाला म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम. उपरोक्त पाहणीत सापडलेले सर्वाधिक प्रमाण किलोमागे २.२ मिलिग्रॅम होते. तसले दूध अर्धा लिटर प्याले की पोटात सुमारे १.१ मिलिग्रॅम गेले, म्हणजे सह्य मापाच्या सातपट. आणि मूल केवळ दूधच पिते असे नाही. पोळी, डाळ, भाजी, तूप ह्यांचा वाटा अजून धरलेलाच नाही. डीडीटी स्निग्धांशात विरघळते, तेव्हा बाफल्यावरच्या तुपाकडे साशंक नजरेने पाहणे क्रमप्राप्त होते. शेतीतून डीडीटी १९८९ साली आणि बीएचसी १९९७ साली हद्दपार झाले हे खरे; पण क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट, इमिडाक्लोप्रिड अशी दुसरी नावे फवारणीच्या टाकीत येऊन बसली आहेत.

आमच्याकडील पद्धतीचा दोष नेमका येथे आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाची अवशेष-निरीक्षण योजना २००५-०६ पासून चालू आहे, आणि ती उपयुक्तच आहे. परंतु तिच्यात वांगे, गहू, दूध असे एकेक जिन्नस घेऊन ते आपापल्या मर्यादेत आहेत की नाहीत, एवढेच पाहिले जाते. दहा जिन्नस मर्यादेच्या आत असले तरी दहांची बेरीज मुलाला सोसेल काय, ह्याचे उत्तर त्यातून निघत नाही. उलट, वरून दूषित दिसणारी भाजी धुऊन, सोलून, शिजवून निर्धोक होत असेल, तर तेही त्यातून कळत नाही. अमेरिकेने १९६१ सालीच ह्यावर निराळा मार्ग काढला. प्रारंभी चिंता होती ती अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गी धुळीची. बाजारातून सामान्य माणसाचे जिन्नस विकत घ्यायचे, घरच्याप्रमाणे रांधायचे आणि मग प्रयोगशाळेत तपासायचे, असा तो साधा परिपाठ. मिळालेल्या आकड्याला कोण किती खातो ह्याने गुणले की खरे माप हाती येते.

कोण किती खातो, हे सांगणारी राष्ट्रीय पोषण निरीक्षण संस्था आमच्याकडे १९७२ पासून होती. मध्य प्रदेशासह अनेक राज्यांत घरोघर जाऊन तिचे कर्मचारी आहार वजन करून नोंदवीत. २०१५ साली ती बंद करण्यात आली. अशी संस्था मोडीत काढण्यात कोणता व्यवहार साधला, हे सरकारच जाणे.

उज्जैन ह्या कामाला सर्वथा योग्य आहे. माळव्याचा गहू, हरभरा आणि सोयाबीन जवळच पिकतात, ताट ठरावीक आहे, विद्यापीठ गावातच आहे आणि सिंहस्थाच्या निमित्ताने सरकारी तिजोरीही सैल झाली आहे. त्या निधीतील अल्पसा अंश बाजूला काढून लहान मुले, मजूर आणि सुखवस्तू घरे अशा तिघांची ताटे वर्षातून दोन हंगामांत तपासावी, आणि आकडे दडवून न ठेवता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावे, अशी आमची मध्य प्रदेश सरकारला सूचना आहे. गोवा सरकारनेही त्याकडे लक्ष ठेवावे. आमची भाजी बेळगावाहून घाट उतरून येते. ती ज्या मळ्यांत पिकते तेथील फवारणीवर आमची सत्ता नाही, परंतु पणजीच्या बाजारातून ती विकत घेऊन, रांधून, तपासायला कोणाचीच आडकाठी नाही.