पुतळ्यांची माळ मोडण्यापूर्वी

जुनी नाणी जमवणे हा श्रीमंतांचा, विलायती आणि त्यातही पुरुषांचा छंद, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते हा समज तिन्ही बाबतींत खोटा आहे. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांतून जुन्या युरोपी सुवर्णनाण्यांचे संग्रह होते, कोठे कोठे अजून आहेत. ते बायकांनी केले आणि बायकांनीच राखले. त्यांना संग्रह म्हणण्याची आपल्याला सवय नाही, इतकेच. आपण त्यांना पुतळ्यांची माळ म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात एका मैफलीच्या निमित्ताने सुरतेस जाणे झाले, तेव्हा तेथे भरलेले जुन्या नाण्यांचे एक छोटेसे प्रदर्शन पाहिले. काचेखाली स्पेनचे रुप्याचे रियाल होते, हातात बाणांची जुडी घेतलेल्या चिलखती शिपायाचे हॉलंडचे सोन्याचे डुकाट होते. प्रत्येकापाशी चिठ्ठी, चिठ्ठीवर देश, काळ आणि किंमत. टेबलाच्या टोकाला मात्र एका पितळी ताटात कड्या डाकलेल्या पुतळ्यांचा ढीग पडला होता. त्यांना चिठ्ठी नव्हती. नुसता तोळ्याचा भाव होता. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की भोक पडलेले किंवा कडी लागलेले नाणे संग्राहक घेत नाहीत, ते आटवायलाच जाते. व्यापाऱ्याचे त्यात काही चुकले नाही. बाजाराची रीत त्याने सांगितली. पण ती रीत आपण आपल्या घरात मान्य करावी काय, हा माझा प्रश्न आहे.

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा डुकाट. हे नाणे व्हेनिसने १२८४ साली पाडले आणि १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत त्याचा घाट, वजन आणि कस जवळजवळ तसाच ठेवला. पाच शतके एकाच सुरात लावलेला षड्ज! वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, आणि सोने त्या काळी साधेल तितके शुद्ध. एका बाजूस व्हेनिसचा अधिपती, ज्याला तिकडे दोज म्हणत, तो संत मार्कपुढे गुडघे टेकून निशाण स्वीकारतो आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात उभा येशू ख्रिस्त. मोगलांच्या मोहरेवर बहुधा नुसती अक्षरे असत. या नाण्यावर माणसांच्या आकृत्या होत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. सभासदाने शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी दिली आहे, तीत होनांच्या अनेक जातींबरोबर पुतळ्याही आहेत.

हे सोने इकडे आले ते इंग्रज किंवा डच येण्याच्या कितीतरी आधी. व्हेनिसचे व्यापारी मिरी-मसाल्यासाठी ते इजिप्त आणि शाम देशात ओतीत, आणि तेथून ते तांबड्या समुद्राने आपल्या किनाऱ्यास लागे. भडोचला १८८२ साली सापडलेल्या प्रसिद्ध साठ्यात दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांच्या जोडीला व्हेनिसचे डुकाटही निघाले होते. पुढे हा ओघ सुरतेकडे वळला. मोखा आणि जेद्दा येथून परतणारी सुरतेची जहाजे सोने-रुपे भरून येत. १६९५ साली हेन्री एव्हरी या चाच्याने मक्केहून परतणारे ‘गंज-ए-सवाई’ लुटले, ते याच लोभाने. इंग्रज आणि डच वखारवाल्यांनाही येथील कापड आणि नीळ रोख चांदी मोजूनच घ्यावी लागे, कारण त्यांच्या मालाला येथे फारसे गिऱ्हाईक नव्हते.

आता या दोन धातूंच्या नशिबात पडलेला फरक पाहण्यासारखा आहे. मोगल मुलखात परकी नाणे बाजारात चालत नसे. मेक्सिकोत आणि पोतोसीत पाडलेले आठ रियालांचे वजनदार नाणे सुरतेस उतरले, की ते सराफाकडून टांकसाळीत जाई, तेथे वितळे आणि त्याचे रुपये होत. एका नाण्याचे दोन रुपयांहून थोडे अधिक. सुरतेच्या छापाचा जुना रुपया आज हाती आला, तर त्यात अमेरिकेच्या डोंगरातली चांदी असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण तिचे मूळ रूप गेले ते गेलेच. सोन्याच्या पुतळीचेही असेच व्हायचे. पण तिच्यातील काही कडी लावून गळ्यात गेल्या. टांकसाळीने जे मोडले त्यातले थोडेसे गळ्यांनी वाचवले.

म्हणून कडी हे नाण्याचे वैगुण्य आहे, हे म्हणणे मला पटत नाही. कडी लावली म्हणून तर ते उरले. हे खरे की कडी डाकलेले नाणे नीट वाजत नाही. नाद दबतो, आणि गाणे शिकवणाऱ्या माझ्यासारख्याच्या कानाला ते लगेच कळते. पण जुन्या तंबोऱ्याच्या भोपळ्याची चीर बुजवलेली असते, म्हणून त्याला कोणी भंगारात काढीत नाही. व्हेनिसच्या टांकसाळीतून निघून कोरेच राहिलेले नाणे व्हेनिसची हकीकत सांगते. कडीचे नाणे त्यापुढची, म्हणजे आपली हकीकत सांगते.

सगळ्याच पुतळ्या व्हेनिसच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. या नाण्याला इतका मान होता की आपल्याकडील सोनारांनी त्याच्या नकला केल्या, आणि पुढे त्याच आकारावर लक्ष्मी किंवा राम-सीता उठवल्या. ओळखण्याची खूण सोपी आहे. अस्सल नाण्यावर रोमन अक्षरे सुवाच्य असतात आणि दोजचे नाव वाचता येते. साल नसते, नावावरूनच काळ ठरतो. नकलेत त्या अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या होतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी ठाऊक नव्हती. पण नक्कल निघाली म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. परक्या संताचा चेहरा ऐकीव चिजेसारखा हळूहळू आपल्या वळणाचा होत गेला, हे त्या नकलांत डोळ्यांना दिसते.

यावर कोणी म्हणेल की सोने अडीअडचणीसाठीच असते. मुलीच्या लग्नात किंवा आजारपणात ते मोडायचे नाही तर केव्हा? हे म्हणणे सर्वस्वी रास्त आहे. ज्या घराला गरज आहे त्याने माळ खुशाल मोडावी. ज्या आजीने ती जपली, तिनेही याच हेतूने जपली होती. माझी तक्रार गरजेपोटी मोडणाऱ्यांविषयी नाही. नव्या घडणीची हौस म्हणून, किंवा तिघी बहिणींत वजनाने सारखी वाटणी व्हावी म्हणून, न पाहता माळ आटवायला टाकणाऱ्यांविषयी आहे. वाटणी पुतळ्या मोजूनही करता येते. त्यासाठी मूस तापवावी लागत नाही.

माळ सोनाराकडे नेण्यापूर्वी एक दुपार मोकळी काढावी. प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजू भिंगाखाली पाहाव्यात, त्यांचे फोटो घ्यावेत, वजन लिहावे. शिवाय ती माळ कोणाच्या लग्नात आली, कोणत्या गावाहून आली, पटवेकऱ्याकडून पुन्हा केव्हा गाठवली, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून वहीत उतरवावे. कारण ही माहिती कोणत्याही नाण्यावर लिहिलेली नसते आणि कोणत्याही संग्राहकाला विकत मिळत नाही. लिहून झाल्यावर ज्याला मोडायची त्याने मोडावी. मुले परदेशी असतील, तर एवढे ध्यानात ठेवावे की शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे त्याची काळजी येथे राहणाऱ्यांनीच घ्यायची आहे.

काचेखालचे निष्कलंक नाणे पैसे टाकून कोणालाही घेता येते, आणि ज्याला ऐपत आहे त्याने जरूर घ्यावे. आपल्या कपाटातली माळ मात्र पुन्हा विकत मिळणार नाही. ती वाटली जाईल, कदाचित एक दिवस मोडलीही जाईल. पण ती काय होती हे सांगणारी वही प्रत्येक मुलीच्या वाट्याला पुतळ्यांबरोबर जावी, एवढी व्यवस्था आपल्या हातची आहे.